वाचकांचे प्रश्न : डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर

प्रश्न : माझ्या ४६ वर्षांच्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. आई गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावण्याचे काम त्याने कधी चुकवले नाही. अलीकडे मात्र तो काडेपेटी हातात घेऊन नुसताच उभा राहतो, शर्टाच्या गुंड्या चुकीच्या काजांत घालतो आणि विनाकारण चिडतो. डॉक्टर म्हणाले, ‘अशा मुलांना अल्झायमर होतोच, तसे संशोधनच आहे.’ हे संशोधन काय आहे? मलाही हा धोका आहे का?
– एक भगिनी, सातारा

उत्तर : आपल्या डॉक्टरांच्या वाक्यात तथ्य आहे, पण तपासणी न करता ते सांगून थांबणे मला मान्य नाही. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी संशोधन पाहू.

डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवले. अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरसारखेच बदल दिसतात, हेही शवविच्छेदनांतून लक्षात आले होते. पण या दोन गोष्टींचा संबंध कोणता, ते उलगडत नव्हते. कॅलिफोर्नियातील सान डिएगो येथे डॉ. जॉर्ज ग्लेनर आणि त्यांचे सहकारी केन वॉन्ग यांनी १९८४ मध्ये अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांमधून अमायलॉइड हे साचलेले प्रथिन वेगळे काढले आणि त्याची रचना वाचली. त्याच वर्षी त्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतूनही तेच प्रथिन काढून दाखवले आणि त्यावरून असा तर्क मांडला की, ज्या जनुकापासून हे प्रथिन निघते ते २१ व्या गुणसूत्रावरच असले पाहिजे. १९८७ मध्ये ते जनुक खरोखरच तेथे सापडले. अल्झायमरच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये या जनुकात दोष नसतो हे पुढे स्पष्ट झाले, पण डाउन सिंड्रोमपुरता ग्लेनर यांचा तर्क अचूक ठरला : जनुकाच्या प्रती तीन, म्हणून प्रथिनही जन्मापासूनच जास्त.

याचा फार बोलका पुरावा इंग्लंडमधील एका वृद्धेने दिला. तिला डाउन सिंड्रोम होता, परंतु तिच्या २१ व्या गुणसूत्राचा काही भागच तिप्पट झालेला होता आणि नेमके हे जनुक त्या भागात नव्हते. ती ७८ वर्षे जगली, तिला स्मृतिभ्रंश झाला नाही आणि मेंदूतही अल्झायमरच्या खुणा आढळल्या नाहीत. याउलट, फ्रान्समधील काही कुटुंबांत डाउन सिंड्रोम नसताना केवळ या एका जनुकाची जादा प्रत होती आणि त्यांना कमी वयातच अल्झायमर झाला. ही नोंद २००६ मधली आहे.

ग्लेनर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगावीशी वाटते. १९८२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने सान डिएगोमध्ये अल्झायमरच्या रुग्णांसाठी दिवसभराचे देखभाल केंद्र सुरू केले होते. घरी सांभाळ करणाऱ्यालाही विसावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या भावाविषयी. मेंदूत बदल असणे आणि स्मृतिभ्रंश होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षणे बहुधा पन्नाशीनंतर दिसतात, काहींना मात्र त्याआधीही. डाउन सिंड्रोममध्ये सुरुवात कित्येकदा विसरण्याने न होता स्वभाव बदलण्याने होते, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. तरीही थायरॉइडची कमतरता, मोतीबिंदू, ऐकू कमी येणे, झोपेत श्वास अडकणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि नैराश्य यांतूनही हेच चित्र उभे राहते, आणि या सर्वांवर उपचार आहेत. आई गेल्याचे दुःख त्याला शब्दांत मांडता आले नसेल, हेही विसरू नये. म्हणून या तपासण्या आधी करून घ्याव्यात आणि मगच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. नव्याने आकडीचे (फिटचे) झटके येऊ लागले, तर मात्र मुळीच थांबू नये.

अमायलॉइड काढून टाकणारी नवी औषधे आता निघाली आहेत, पण त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाउन सिंड्रोम असलेल्यांना घेतले गेले नव्हते. ज्यांच्या मेंदूने या रोगाचे मूळ दाखवले, त्यांनाच वगळले गेले याची मला खंत वाटते. त्यांच्या रक्तवाहिन्यांतही हे प्रथिन साचते आणि औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून ही औषधे स्वतःहून मागू नयेत.

आपल्याकडे २१ व्या गुणसूत्राच्या दोनच प्रती असल्याने जादा प्रतीमुळे येणारा हा धोका आपल्याला नाही.

तज्ज्ञांकडे जाताना भाऊ पूर्वी काय काय स्वतः करीत असे, याची यादी न्यावी आणि जमल्यास मोबाइलवरचे जुने चित्रण दाखवावे. त्याच्यातला बदल त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी ताडून पाहावा लागतो. दिवा लावणे बंद करू नये. काडी आपण ओढावी, आणि त्याचा हात धरून वात त्याच्याकडूनच लावून घ्यावी.