टेट्रिसचे सात आकार ४×७ च्या चौकटीत बसतच नाहीत, माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरवरच्या खेळात स्वतः चौकट आखून टेट्रिसचे सातही आकार एकेकदा घेतले. प्रत्येकाची चार घरं, म्हणजे एकूण २८, म्हणून चौकट ४×७ ची. दोन रात्री जागलात, तरी शेवटचा तुकडा काही बसत नाही.

तुमचं काहीही चुकत नाहीये. ही चौकट भरताच येत नाही, कुणालाच नाही.

इतक्या खात्रीने सांगते, कारण याच २८ घरांनी माझी अख्खी गणेश चवथीची सुट्टी खाल्ली होती. अकरावीत होते तेव्हा. म्हापशाला आम्ही एका जुन्या घरात भाड्याने राहायचो. सहा तुकडे झटपट बसायचे आणि मग चार घरं उरायची, दोन या कोपऱ्यात, दोन त्या. चवथीला काका आले होते, ते गणित शिकवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरवरून उठवून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, नेलं. तिथली लादी काळी-पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारखी. हातात मूठभर चिंचोके दिले आणि म्हणाले, "एकेक आकार मांड आणि रंग मोज गो आधी."

एका लादीवर एक चिंचोका असं मांडत गेले. सरळ दांडी: दोन काळ्या, दोन पांढऱ्या. चौकोन: दोन, दोन. एल आणि त्याचा उलटा भाऊ, दोन्ही नागमोडी, सगळे दोन-दोन. मग टी मांडला, तिघांची रांग आणि मधल्याला एक नाक. तीन पांढऱ्या, एक काळी. सरकवला, फिरवला. कधी तीन काळ्या आणि एक पांढरी झाली, पण दोन-दोन काही झाली नाही.

आता बेरीज करा. सहा आकारांच्या मिळून १२ काळ्या, १२ पांढऱ्या. त्यात टी घातला की १५ आणि १३. तुमची ४×७ ची चौकट तशीच काळी-पांढरी रंगवली तर मात्र १४ आणि १४. संपलं. २×१४ ची चौकट घेतलीत तरी हेच होणार. घरांचा आकडा जुळला म्हणजे आकार बसतात असं नाही, ही गोष्ट मला त्या लादीवर उकिडवं बसून कळली आणि गणिताची भीती तिथेच गेली. एखादी गोष्ट होत नाही हे पक्कं दाखवता येतं, याचा आनंद चौकट भरल्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो, खरंच सांगते.

पटाचे रंग वापरायची ही पद्धत जुनी आहे. अशा आकारांना पॉलिओमिनो हे नाव सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ मध्ये दिलं. त्यातले पाच-पाच घरांचे ते पेंटोमिनो. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी टेट्रिस केला तो पेंटोमिनोच्या कोड्यावरूनच. बारा आकार फार होतात म्हणून ते चार घरांवर आले, आणि सात उरले. त्यांच्या एलेक्ट्रोनिका ६० या कॉम्प्युटरवर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून पहिले तुकडे कंसाच्या खुणांनी दाखवलेले.

खेळात पेंटोमिनो असतील तर ६×१० ची चौकट जरूर घ्या. बारा आकार, ६० घरं, आणि ती भरायचे २३३९ वेगवेगळे मार्ग आहेत, फिरवलेले आणि आरशातले सोडून. ३×२० चे मात्र फक्त दोन, तिच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. ६×१० मध्ये अधिकच्या चिन्हासारखा आकार आधी बसवा, तो शेवटी कुठेच मावत नाही. आणि एखादी मोकळी जागा चहूबाजूंनी बंद झाली की तिची घरं मोजा. पाचाच्या पाढ्यात नसतील तर तिथूनच मागे फिरा.

टेट्रिसचेच आकार हवे असतील तर प्रत्येक आकार दोनदा घ्या आणि ७×८ ची चौकट आखा. ५६ घरं, ती भरते. फक्त टी मांडताना रंग बघा: एकाचं मधलं घर पांढऱ्यावर असेल, तर दुसऱ्याचं काळ्यावरच आलं पाहिजे. ते दोन टी आधी ठेवा, मग बाकीचे बारा घ्या.