एमजीबीचं इंजिन, कमी पैशात

प्रश्न: मी लेस्टरला राहतो, माझ्याकडे १९७१ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. पिकअप वाढवायचाय पण बजेट कमी आहे, डायरेक्ट रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन टाकू का?

उत्तर: नको हो, प्लीज नको! इंजिन स्वस्तात मिळेलही, पण मग रेडिएटर, एक्झॉस्ट, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल सगळंच बदलत बसावं लागतं आणि खरा पैसा तिथंच जातो. तुमचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन फार दणकट आहे, ५ बेअरिंगवर फिरणारा क्रँक (मुख्य दांडा) आहे त्याला. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा, चारही आकडे जवळपास सारखे आले तरच पुढचा खर्च. मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) नीट लावून घ्या, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर सारखे चालतील असे बॅलन्स करून घ्या, ठिणगीसाठीचे जुने पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, एवढ्यानंही गाडी बरीच मोकळी होते.

पुढचे पैसे साठले की हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनच्या वरच्या भागावर घाला. पोर्टिंग (हेडमधले हवेचे मार्ग मोकळे करणं) करतानाच एक्झॉस्टच्या कडक व्हॉल्व्ह सीट्स बसवून घ्या, म्हणजे अनलेडेड पेट्रोलनं सीट्स झिजायची काळजी मिटली. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम सगळ्यात शेवटी बदला, आणि नव्या कॅमबरोबर त्यावर घासणारे फॉलोअर्स नवेच हवेत, जुने अजिबात चालणार नाहीत. ब्रेक मात्र या सगळ्याच्या आधी बघा, आणि इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवा.