भूल उशिरा उतरली म्हणून डोस कमी करायला सांगू नका, आधी औषधाचं नाव मिळवा

तुमची पोस्ट काल रात्रीच वाचली. पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर निम्मं रागातच गेलं असतं, म्हणून आत्ता लिहितेय. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन तासाभरात झालं, नंतर श्वासच सुरू होईना म्हणून रात्रभर व्हेंटिलेटर, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, आणि डिस्चार्ज कार्डावर दोनच शब्द: 'डिलेड रिकव्हरी'. आता दुसऱ्या बाजूचा हर्निया करायचाय, तर भुलीचा डोस कमी द्या असं डॉक्टरांना सांगावं का, असं तुम्ही विचारताय.

सांगू नका. मला जे दिसतंय तेच असेल तर कमी डोसनेही तेच होईल. (मी डॉक्टर नाही. घरातल्या माणसावर हे गुदरलंय आणि त्यापायी बरंच वाचलंय, बऱ्याच डॉक्टरांचं डोकं खाल्लंय, एवढीच माझी लायकी. निर्णय तुमच्या भूलतज्ज्ञांचा.)

तुम्ही नांदेडकडचे, आणि घरात मामाच्या मुलीशी लग्नं होतात असं ओघात लिहिलंय, तिथे मी थबकले. आम्ही आर्य वैश्य, म्हणजे गावाकडे ज्यांना कोमटी म्हणतात ते. तुम्हीही असाल तर पुढचं लक्ष देऊन वाचा. नसाल तरी वाचा, कारण हा प्रकार कुणातही सापडतो, फक्त आपल्यात फार जास्त.

माझ्या धाकट्या भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन अगदी असंच झालं. घशात नळी घालण्याआधी स्नायू झटकन सैल पडावेत म्हणून 'स्कोलिन' नावाचं इंजेक्शन देतात. पूर्ण नाव सक्सिनिलकोलिन. मिनिटभरात लागतं आणि साधारण ५ ते १० मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. बहुतांश औषध तर स्नायूंपर्यंत पोचायच्या आतच संपतं. हे एन्झाइम म्हणजे स्यूडोकोलिनएस्टरेज. काही माणसांत ते जन्मतःच जवळजवळ नसतं. एरवी त्यांना काही म्हणजे काही त्रास नाही. स्कोलिन दिलं की मात्र दहा मिनिटांचं काम कित्येक तास चालतं, आणि तेवढा वेळ छातीचे स्नायूही हलत नाहीत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज सहलेखक असलेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. वैश्य समाजात या कमतरतेचं प्रमाण इतरांच्या सुमारे शंभरपट असल्याचा उल्लेख त्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी, दुसरं काय!

यावर उपाय साधा आहे. झोपेचं औषध चालू ठेवायचं, मशिनने श्वास द्यायचा आणि ताकद परत येईपर्यंत वाट पाहायची. काकांना व्हेंटिलेटरवर ठेवलं म्हणजे डॉक्टरांचं चुकलं, असं धरून चालू नका. बहुतेक योग्यच केलं. फक्त काकांना एकदा शांतपणे विचारा: तेव्हा काही ऐकू येत होतं का? स्कोलिन गुंगी आणत नाही, स्नायू बंद पाडतं. गुंगीचं औषध आधी बंद झालं तर माणूस जागा असतो आणि पापणीही हलवू शकत नाही. माझ्या भावाने "डोळे उघड, डोळे उघड" ऐकलं होतं. आम्ही म्हटलं, स्वप्न पडलं असेल. कितीतरी महिने तो रात्री दिवा लावून झोपायचा. काका काही सांगत असतील तर हसण्यावारी नेऊ नका, आणि पुढच्या भूलतज्ज्ञांनाही सांगा. नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला विजेचा हलका झटका देणारं यंत्र) लावून स्नायू जागे झालेत का ते बघता येतं, आणि ते बघूनच उठवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ऑपरेशनपेक्षा आम्हाला छळलं ते हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाने. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही.

डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव नव्हतं. तुमच्याही नाही. मग आम्ही फाइल मागितली. आधी उत्तर आलं, "फाइल गोडाउनला गेली." मग, "पेशंट स्वतः पाहिजे." भाऊ स्वतः गेला, तर "पोलीस केस आहे का? नाही ना? मग कशाला हवी?" पुढे तर कागद अंतर्गत असतो, नातेवाइकांना देत नाही, असं छातीठोक सांगितलं. काउंटरवरचा माणूस मोबाइलमधून मान वर न काढता हे सगळं सांगायचा. त्यात मेडिक्लेमवाल्यांनी खुसपट काढलं की अपेंडिक्सला आयसीयू कशाला, कारण द्या. कारण फाइलीत! आमची बहीण तेव्हा पोटुशी होती. तिच्या डॉक्टरांनी विचारलं, भावाला नेमकं कोणतं औषध बाधलं? आमच्याकडे उत्तर काय, तर "भूल जास्त लागली." तिचं सिझेरियन ऐनवेळी ठरलं. कमरेतून भूल दिली म्हणून निभावलं. पूर्ण भूल द्यायची वेळ आली असती तर घाईत नळी घालायला बरेच जण आधी स्कोलिनकडेच वळतात. तो विचार आला की अजूनही त्या काउंटरवर जाऊन भांडावंसं वाटतं.

म्हणून असं करा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपणंही बंधनकारक आहे. तोंडी मागू नका. काकांच्या सहीचं पत्र, दोन प्रती, एकीवर पोच आणि शिक्का. पत्रात 'संपूर्ण फाइल' असं मोघम लिहाल तर डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात पडेल. 'अ‍ॅनेस्थेशिया चार्ट' असं नाव घालून मागा. त्यात कोणतं औषध, किती, किती वाजता, श्वास कधी परतला, सगळं असतं.

आणि त्याहून जवळचा रस्ता म्हणजे भूलतज्ज्ञांना थेट फोन. लहान गावात ते बहुतेक व्हिजिटिंग असतात, चार हॉस्पिटलं करतात, आणि बिलावर नाव असतं. आमच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, "स्कोलिन दिलं होतं, संशय मला तेव्हाच आला, फाइलमध्ये लिहिलंय." लिहिलं होतं हो. रुग्णापर्यंत पोचवणं मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

तपासणीचं नाव सीरम कोलिनएस्टरेज. जिल्ह्याच्या गावी सहज होते, कारण कीटकनाशकाच्या विषबाधेतही हीच करतात. त्यामुळे लॅबवाला आवाज खाली करून "फवारणीचं काही घेतलं का?" विचारेल, दचकू नका. पण शेतात फवारणी करणारा माणूस असेल तर ते खरंच सांगा, त्यानेही आकडा घसरतो. यकृताचा आजार आणि गरोदरपण यांनीही थोडा उतरतो. त्या वेळी रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल तर काही आठवडे जाऊ द्या. जन्मतः कमतरता असलेल्यांचा आकडा लॅबच्या खालच्या मर्यादेच्याही कितीतरी खाली असतो, त्यामुळे सहसा वाद उरत नाही. एन्झाइम नीट काम करतं का ते दाखवणारी डिब्युकेन नंबर नावाची चाचणीही सांगतील. पण मुळात एन्झाइमच नसेल तर त्या नंबराला फारसा अर्थ नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं.

काकांचा रिपोर्ट तसा आला तर वडिलांचीही तपासणी करा. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला चारात एक शक्यता असते. आमच्याकडे बहीण अगदी नॉर्मल निघाली, माझा आकडा मधला आला. घरात कुणाला मानसोपचारात शॉक ट्रीटमेंट सुचवली असेल तर आवर्जून सांगा, तिथे स्कोलिन नेहमीचं आहे. पण उगाच धसका घेऊन दाताच्या इंजेक्शनलाही नाही म्हणू नका. आमच्या आत्याने तसं केलं आणि ठणकती दाढ घेऊन बसली. दात बधिर करायला देतात ते लिग्नोकेन यकृतात विरतं, त्याचा या एन्झाइमशी संबंध नाही. टाळायचं ते स्कोलिन आणि स्नायू सैल करणारंच मिवाक्युरियम. क्लोरोप्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबद्दलही विचारून घ्या. रोक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी दुसरी औषधं शरीरातून वेगळ्या वाटेने जातात, म्हणजे पर्याय आहेत.

हेही सांगते की माझा अंदाज साफ चुकू शकतो. साखर उतरणं, सोडियम कमी होणं, वेदनाशामक जास्त होणं, थायरॉइड, अशा कितीतरी कारणांनी माणूस उशिरा उठतो. म्हणूनच चार्ट हवा. त्यात स्कोलिन नसेल तर माझं हे पुराण बाजूला ठेवा. आणि आडनावावरून जात काढून इथे तर्क लढवणाऱ्यांना विनंती: शेवटी '-वार' असलेले सगळे आमचे नव्हेत, उगाच कुणाला घाबरवू नका.

हर्निया दुखत नसेल, आत-बाहेर होत असेल, तर सर्जनला विचारून रिपोर्ट येईपर्यंत तारीख पुढे ढकला. तो अडकला, उलट्या सुरू झाल्या, तर कागदांची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा आणि भूलतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात सांगा: "मागच्या वेळी श्वास परत यायला रात्र गेली होती, स्कोलिनचा संशय आहे." हेच वाक्य आजच काकूंच्या आणि मुलांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण तेव्हा तुम्ही गावात असालच असं नाही.