शंभर सीसी गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन वर्षांत दुसऱ्यांदा जळाला, कारण काय असावे?

आपण लिहिले आहे की, खानापूर ते बेळगाव रोज ये-जा असलेल्या आपल्या कार्बोरेटरच्या शंभर सीसी गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) दोन वर्षांत दुसऱ्यांदा जळाला, मेस्त्री पेट्रोलला दोष देतात आणि गाडी मात्र शेवटपर्यंत ‘एकदम गप्प’ चालत होती. मला उत्तर या शेवटच्या तपशिलातच दिसते. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी बारा वर्षे सिलिंडर हेडची (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाची) कामे केली आहेत आणि जळालेले व्हॉल्व्ह घेऊन येणारे बहुतेक गिऱ्हाईक हेच सांगत असे की, आवाज काहीच नव्हता, अचानक पिकअप गेला.

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये थंड इंजिनात केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. गाडीनुसार ती साधारण ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असते आणि एक्झॉस्टची बहुधा इनटेकपेक्षा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा) थोडी जास्त असते. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि ती वाढ या फटीत सामावते. फटच नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकून राहतो आणि सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता तो बंद असताना सीटमार्गेच हेडमध्ये उतरते. सहा हजार आरपीएमला व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो, म्हणजे थंड होण्यासाठी त्याच्या वाट्याला प्रत्येक वेळी जेमतेम सेकंदाचा सत्तरावा-ऐंशीवा भाग येतो. तेवढाही तो सीटला टेकला नाही, की दोहोंमधून निसटणारा जाळ कडेला एका जागी कुरतडू लागतो. आपला जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहा. बाकी डोके तपकिरी-करडे असेल आणि कडेला एकाच ठिकाणी, उंदराने भाकरी खाल्ल्यासारखी, पांढरट कडांची खाच असेल, तर हेच झाले आहे.

लोकांना न पटणारी गोष्ट पुढे आहे. वापराने टॅपेट (रॉकरवरचे ही फट राखणारे स्क्रू) सैल होतात आणि वाजू लागतात, असा सर्वांचा समज असतो. रॉकर आणि त्याला ढकलणारा कॅम झिजले तर तसे होतेही. पण एक्झॉस्टच्या बाजूला व्हॉल्व्ह आणि सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो आणि फट कमी होत जाते, म्हणजे बिघाड वाढतो तसा आवाज घटतो. त्यात आपल्याकडे गिऱ्हाईक गॅरेजात पाय ठेवताच ‘आवाज कमी करा’, नाहीतर ‘सौंड कम्मी माड्री’ म्हणते आणि मेस्त्री गरम इंजिनवर, कानाने, टिकटिक थांबेपर्यंत स्क्रू आवळून देतो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. या धंद्यात येण्याआधी माझ्याही गाडीचे असेच ‘सेटिंग’ एका गॅरेजात झाले होते. जेमतेम दोन महिन्यांनी चोर्ला घाटात चढावर गाडीने दम सोडला, किक मारली तर पायाला काही विरोधच लागेना. टॅपेटची हलकी टिकटिक हा आजार नव्हे, हे मी त्या दिवशी दोनशे रुपये टेम्पोला देऊन शिकलो.

फट तपासायची ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर. मॅग्नेटच्या झाकणावरील बूच काढून ‘टी’ची खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) जुळवावी आणि दोन्ही रॉकर सैल हलतात ना, ते पाहावे. हलत नसतील तर पिस्टन वर असला तरी तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक नव्हे, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा लागतो. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फिलर गेजची (फट मोजण्याच्या पट्ट्यांची) पाती आत सरकवावी. ती किंचित ओढ देत सरकली पाहिजे. येथे एक चूक सरावलेले हातही करतात. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो आणि अचूक लावलेले माप बिघडते, म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून पाहिलीच पाहिजे. ज्या बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप राखणारे) आहेत, तिला हा खटाटोप लागत नाही, आपल्या गाडीला लागतो.

पेट्रोलबद्दल थोडे. पेट्रोलमधून शिसे गेल्यापासून व्हॉल्व्ह जळू लागले, असे जुने मेस्त्री सांगतात. शिशाचा थर सीटला जपत असे हे खरेच, पण आपल्या देशात शिसे २००० सालीच बंद झाले आणि आपली गाडी त्यानंतरची आहे, तिच्या सीट कठीण धातूच्या आहेत. आपल्याच उसापासून होणारे इथेनॉल वीस टक्के मिसळल्यावर कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण किंचित पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट अधिक तापतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. तरी मिश्रण पातळ होण्याबाबत माझा पहिला संशय कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला पडलेल्या चिरेवर असेल, कारण तेथून शिरणारी हवा कोणी मोजलेली नसते. प्लग काढून पाहा. त्याचे चिनीमातीचे टोक चहाच्या रंगाचे असेल तर ठीक, पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. आपल्याकडची तांबडी धूळ आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालवणे पाहता एअर फिल्टरही लवकर साफ करावा. धूळ आत गेली तर गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आणि सीट दोन्ही घासते.

एकाच गाडीचा व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा जळतो, तेव्हा पहिल्या दुरुस्तीकडे पाहिले पाहिजे. बहुधा व्हॉल्व्ह नवा घातलेला असतो आणि गाइड जुनाच ठेवलेला असतो. झिजलेल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलतो आणि प्रत्येक वेळी सीटवर वेगळ्या जागी बसतो. पेस्ट लावून घासल्याने वाकडी सीट सरळ होत नाही, ती मशीनवर कापावी लागते. घासून झाल्यावर सीटवर सर्वत्र सारख्या रुंदीचा, मंद करडा पट्टा दिसला पाहिजे. तो कोठे तुटला असेल, तर काम झालेले नाही. शिवाय नवा व्हॉल्व्ह पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सीटवर बसतो आणि फट आणखी कमी होते. तेव्हाचे टॅपेट सेटिंग बहुतेक गिऱ्हाइके टाळतात, कारण गाडी छान चाललेली असते. आपणही टाळले होते काय?

या वेळी हेड लेथवाल्याकडे न्याल तेव्हा नवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून, डोके अर्धा इंच वर उचलून, स्वतःच्या बोटांनी आडवे हलवून पाहा. खटखट जाणवली तर गाइड बदलल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नका. हेड बसवण्यापूर्वी ते पोर्टचे (वायूच्या वाटेचे) तोंड वर येईल असे ठेवून पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतावे आणि पाच मिनिटे व्हॉल्व्हच्या कडेकडे पाहत बसावे. कडेने ओल आली, तर हेड पुन्हा त्याच्याच हातात द्यावे.