माझदा एमएक्स-५ (१.८): अॅक्सिलरेटर दाबताच मागून ‘टक्’ आवाज, ड्राइव्हशाफ्ट गेला का?

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे डिफरेन्शियलपासून (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) चाकापर्यंत जाणारा दांडा; त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. वळताना कटकट वाजते हे लक्षण पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं. तुमच्या गाडीत ताकद मागच्या चाकांना जाते आणि ती स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, म्हणून खराब जॉइंट पिकअप घेताना-सोडताना ‘टक्’ करतो. गाडी जॅक-स्टँडवर घ्या, शाफ्ट हाताने पिळा. किंचित खेळ चालतो, टकटक नाही. जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय? ते बोटांवर चोळा; खरखर लागली तर जॉइंटच झिजलाय, नुसता बूट बदलणं म्हणजे पैसे वाया.

चाक जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच चाकाच्या मधोमध असलेला २९ मिमीचा हब नट सैल करा. आधी त्याची ठोकून बसवलेली कड छिन्नीने उघडा, नाहीतर आटे जातात. सस्पेन्शनच्या वरच्या आर्मचा बोल्ट काढून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकवा. एबीएसची वायर ताणू नका. शाफ्टचं आतलं टोक सर्क्लिपवर (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असतं, डिफरेन्शियलपाशी पहार लावून झटका द्या. शाफ्ट धरून ओढलात तर आतला जॉइंट सुटतो.

ऑइल सील आणि सर्क्लिप नवेच घाला. हब नटही नवाच, २१६ ते २९४ न्यूटन-मीटर. शेवटी ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल डिफरेन्शियलच्या भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.