ओल्या गवतासाठी साडेचार लाखाचं राइड-ऑन मशीन घ्यावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या गिरणाऱ्याजवळ एकरभर लॉन आहे, होमस्टे चालतो, पावसाळ्यात गवत बघता बघता गुडघ्याला लागतं आणि ब्रश कटरवाला (खांद्याला अडकवायच्या मशीनने गवत कापणारा) नेमका शनिवारीच फोन उचलत नाही, म्हणून साडेचार लाखाचं राइड-ऑन मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घ्यायचंय, तेही तीन वर्षांच्या पर्सनल लोनवर १४ टक्क्यांनी. वैताग समजतो, पण आधी हिशोब बघू.

हप्ता बसतो साधारण १५,४०० रुपये, म्हणजे वर्षाला एक लाख पंच्याऐंशी हजार, आणि तीन वर्षांत नुसतं व्याजच लाखाच्या वर. तुमच्याच आकड्याप्रमाणे गवतावर सध्या वर्षाला ४५ हजार जातात. म्हणजे मशीनच्या किमतीत दहा वर्षांची मजुरी निघते! आणि मजुरी काही शून्य होत नाही, झाडांची आळी, कुंपणाच्या कडा, पायऱ्या तिथे ब्रश कटर लागतोच.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. तुम्हाला मशीन हवंय ओल्या गवतासाठी आणि ओल्यातच ते सगळ्यात जास्त रडवतं. इगतपुरीकडच्या एका क्लायंटकडे श्रावणात गेलो होतो, त्यांचं असंच मशीन, लॉनवर बैलगाडी गेल्यासारख्या दोन चाकोऱ्या उमटलेल्या आणि माळी डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, खुरपं घालून हिरवा चिकट लगदा खरवडत बसलेला, वास तर विचारूच नका. ओलं गवत पात्यावरून नीट उडत नाही, डेकला आतून चिकटतं, मग गवत बाहेर पडायचं तोंड तुंबतं, बेल्टवर लोड येतो, आणि काळ्या जमिनीत मशीन अधिक माणूस एवढं वजन चाकाखाली रुततंच. वाफसा नसताना आपण शेतात ट्रॅक्टर घालतो का? मग लॉनवर का घालायचं. उतार असेल तर ओल्यात घसरायची भीती वेगळी.

म्हणजे झडीच्या दिवसात हप्ता चालू आणि मशीन शेडमध्ये.

मी काय करीन, तर पन्नास-साठ हजारात मागून चालवायचं, पण इंजिनावर आपोआप पुढे सरकणारं (सेल्फ-प्रोपेल्ड) पेट्रोल मोवर घेईन, रोख, आणि एकाऐवजी दोन ब्रश कटरवाल्यांशी पूर्ण सीझनची बोली करून थोडा अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवीन, कारण तुमचा प्रॉब्लेम गवताचा कमी आणि माणूस न येण्याचा जास्त आहे. पावसात कापणीची उंची वाढवा, एका वेळी वरचं एक तृतीयांशच काढा, पातं धारदार ठेवा आणि उघडीप मिळाली की दुपारनंतर कापा. हप्त्याला काढलेले पैसे सहा महिन्यांच्या खर्चाएवढे होईपर्यंत लिक्विड फंडात (लागतील तेव्हा चटकन काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) टाका, होमस्टेचं उत्पन्न कसं वरखाली होतं ते तुम्हाला सांगायला नको.

सीएने टॅक्स वाचेल सांगितलं म्हणता, तर घसारा, म्हणजे मशीन जुनं होतं त्याची दरवर्षीची वजावट, १५ टक्के मिळतो, पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच, आणि तुम्ही खर्चाचा तपशील न देता उलाढालीवर अंदाजे नफा दाखवायच्या योजनेत असाल तर वेगळा घसारा मिळतच नाही. हे त्यांना आधी विचारा.

एवढं करूनही घ्यायचंच असेल तर कापलेलं गवत बाजूला फेकणारं घ्या, मल्चिंगवालं (गवत बारीक करून तिथेच टाकणारं) ओल्यात गोळे करतं. बेल्ट आणि पाती नाशकातच मिळतात का ते बघा. आणि डीलरला डेमो तुमच्याच लॉनवर द्यायला लावा, दिवस मात्र तुम्ही ठरवा, रात्रभर धो धो पडून गेल्यावरची सकाळ.