बाबांसाठी रडली नाही, पण गोष्टीतल्या माणसासाठी रडते

“बाबा गेले तेव्हा आई मोकळेपणाने रडली नाही. तेराव्यालाही नाही. आणि परवा एका कादंबरीतला म्हातारा मरतो ते वाचून रात्रभर रडत बसली. तिचं काही बिनसलं आहे का?” पुण्यात अभियंता म्हणून नोकरी करणाऱ्या एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते. आई सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एकटीच राहत होती. तिने तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घेतले होते आणि ती दिवसाचा बराचसा वेळ आणि रात्रीचाही काही भाग वाचनात घालवत होती. ती दुःखाला सामोरी न जाता गोष्टींच्या जगात पळून जात आहे, अशी मुलाची खात्रीच झाली होती.

दुःखाच्या काळात ज्या घरात कोणी वाचू, गाऊ किंवा चित्रे काढू लागते, त्या घरातून ही शंका माझ्याकडे अनेकदा येते. आजी गेल्यापासून नात वह्याच्या वह्या रंगवत बसते, भावाच्या मृत्यूनंतर एखादा गृहस्थ धूळ खात पडलेली पेटी काढून रोज वाजवू लागतो आणि घरच्यांना वाटते की हे काही सरळ लक्षण नव्हे. या शंकेच्या पोटात आणखी एक शंका असते, ती सहसा उघड बोलली जात नाही. कला आणि साहित्य ही सुखवस्तू आणि निवांत माणसांची करमणूक आहे, खऱ्या संकटात तिचा काय उपयोग, असे अनेकांना मनोमन वाटत असते. या दोन्ही शंकांना उत्तर म्हणून मी या घराची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाईंना मी प्रथम भेटले तेव्हा त्यांच्या वाचनाविषयी काहीच विचारले नाही. झोप, जेवण, वजन, घरातली कामे, शेजाऱ्यांकडे येणे-जाणे, जगण्याविषयीचे विचार हे सारे आधी पाहावे लागते. कारण शोक आणि नैराश्य वरवर सारखे दिसू शकतात आणि त्यांना लागणारी मदत मात्र वेगळी असते. त्या वेळेवर जेवत होत्या, बँकेची आणि निवृत्तिवेतनाची कामे स्वतः करत होत्या, दारातली झाडे जगली होती. झोप मात्र पहाटे तीनच्या सुमारास मोडत असे. पतीला तीन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागे, आणि त्या दिवशी त्या तीनलाच उठून डबा, फाइल, शाल अशी सगळी तयारी करत. माणूस गेला तरी शरीराला लागलेली ती सवय गेली नव्हती.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना त्या कादंबरीविषयी विचारले. त्यांनी गोष्ट फार छान सांगितली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे पात्रांची नावे, गाव, नातीगोती असे सगळे क्रमाने आले. म्हाताऱ्याच्या मरणाच्या प्रसंगाशी पोहोचल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. त्या प्रसंगात मरणासन्न म्हातारा पाणी मागतो आणि त्याची सून त्याला मांडीवर घेऊन, त्याला हवे तितके, चमच्याचमच्याने पाणी पाजते. एवढे सांगून त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “मॅडम, शेवटच्या रात्री यांनी दोनदा पाणी मागितलं. मी एकदाच दिलं. तेही अर्धंच फुलपात्र.”

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरात पाणी कसे मोजले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल. मूत्रपिंडे काम करत नसली की प्यालेले पाणी शरीरात साठते, अंगावर सूज येते, फुप्फुसांवर आणि हृदयावर भार पडतो. म्हणून दिवसभरात किती पाणी द्यायचे हे डॉक्टर ठरवून देतात. ते पाळण्याची जबाबदारी बहुधा घरातल्या बाईवर येते. तीन वर्षे या बाईंनी तहानलेल्या नवऱ्याला रोज ‘आता नाही’ असे सांगितले होते. त्यांनी ते प्रेमापोटी केले होते आणि वैद्यकीयदृष्ट्याही ते योग्यच होते. परंतु जाणाऱ्या माणसाच्या मुखात पाणी घालण्याला आपल्याकडे जे स्थान आहे, ते लक्षात घेतले तर ती शेवटची रात्र त्यांच्या मनात कशी रुतून बसली असेल याची कल्पना येते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत असे की “तुम्ही होतात म्हणून ते इतके दिवस तरी राहिले.” एवढे कौतुक करणाऱ्या माणसांसमोर अर्ध्या फुलपात्राची गोष्ट त्या कशी काढणार होत्या? मुलासमोर तर नाहीच नाही.

जे आठ महिने कोणापाशी बोलता आले नाही, ते कादंबरीतल्या एका अनोळखी सुनेने त्यांच्यासमोर करून दाखवले. ती सून त्यांच्याकडे पाहत नव्हती, त्यांचे कौतुक करत नव्हती, त्यांना दोषही देत नव्हती. भट्टनायक आणि त्याच्यानंतर अभिनवगुप्त या काश्मीरच्या आचार्यांनी हजारएक वर्षांपूर्वी या अनुभवाची मीमांसा केली आहे. नाटकातले दुःख पाहताना प्रेक्षकाला ते सरळ ‘माझे’ही वाटत नाही आणि ‘परक्याचे’ही वाटत नाही. त्यात साधारणीकरण होते, म्हणजे ते दुःख कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते, आणि म्हणूनच एरवी ज्या दुःखापासून माणूस तोंड फिरवतो त्यात त्याला थांबता येते. मी इतकी वर्षे शोकग्रस्त माणसांबरोबर काम करते आहे, आणि आपल्या काव्यशास्त्रातला हा विचार मला प्रत्यक्ष कामात जितका उपयोगी पडला तितके फार थोडे काही पडले आहे. स्वतःच्या दुःखाच्या बाबतीत तत्काळ काही तरी करायचे असते. फोन करायचे असतात, कागद जमवायचे असतात, मुलांसमोर धीर धरायचा असतो. गोष्टीतल्या दुःखाच्या बाबतीत वाचकाला काहीच करायचे नसते, आणि नेमक्या त्याच मोकळिकीत दाबून ठेवलेले रडू बाहेर येते.

विदर्भातील पद्मपूरचा मानल्या जाणाऱ्या भवभूतीने आठव्या शतकात ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्या नाटकात कलेचे हे काम एकदा नव्हे, तर वेगवेगळ्या ठिकाणी दाखवले आहे. पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची चित्रे पाहतात आणि मागे सरलेले दुःख पुन्हा जिवंत होते. तिसऱ्या अंकात, राजा म्हणून प्रजेसमोर रडू न शकणारा राम जनस्थानात येऊन विलाप करतो. तेव्हा तमसा ही नदीदेवता सीतेला सांगते की तलाव काठोकाठ भरला की पाण्याला वाट काढून देणे हाच उपाय असतो, तसेच शोकाने उचंबळलेले हृदय विलापानेच टिकते. सातव्या अंकात तर रामाला आपलीच कथा नाटकाच्या रूपात पाहावी लागते आणि पाहता पाहता ते नाटक आहे याचे त्याला भान राहत नाही. हे सगळे मी बाईंना सांगितले, कारण त्या शिक्षिका होत्या आणि त्यांना ते आवडेल असे मला वाटले. त्यांनी रामाच्या बाजूने नव्हे, तर सीतेच्या बाजूने प्रश्न विचारला. तिला कोण रडू देते, असे त्या म्हणाल्या. त्यानंतरची सगळी भेट आम्ही त्याच प्रश्नावर बोललो आणि ती त्या काळातली सर्वांत महत्त्वाची भेट ठरली.

मुलाशी मी वेगळी बोलले. त्याचा मुद्दा रास्त होता आणि मला तो टाळायचा नव्हता. “म्हणजे पुस्तक औषधासारखं काम करतं, असं समजायचं का?” असे त्याने विचारले. मला ही मांडणी मान्य नाही. त्या कादंबरीच्या लेखकाने या बाईंवर उपचार करण्यासाठी ती लिहिलेली नाही, आणि बाईंनीही बरे होण्यासाठी ती हातात घेतलेली नाही. त्यांना गोष्ट आवडली म्हणून त्या वाचत गेल्या. मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. त्यांत कीर्ती आहे, धन आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगलाचा नाश आहे, प्रियेने समजवावे तसा हळुवार उपदेश आहे. परंतु वाचताक्षणी मिळणाऱ्या, बाकी सगळ्याचा विसर पाडणाऱ्या आनंदाला त्याने सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी म्हटले आहे. मला वाटते, हा क्रम उलटा केला की वाचनाचा दुसरा कोणताही लाभ मिळेनासा होतो. रोज वीस पाने वाचा म्हणजे मन हलके होईल, असे मी कोणाला सांगत नाही.

कला ही निवांत माणसांची चैन आहे, या समजुतीला उत्तर द्यायला मला फार लांब जावे लागले नाही. बाईंची आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे आणि त्यांतल्या काही त्यांना अजून पाठ आहेत. महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने झाले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्या म्हणणाऱ्या बायांना निवांतपणा कधी मिळाला होता? हात दळणात गुंतलेले असताना, घरातली माणसे उठण्याआधी, सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेले मूल, एकटेपण हे सारे त्या विठ्ठलाला किंवा दूर असलेल्या आईला उद्देशून गात होत्या. जे घरात उघड बोलता येत नव्हते ते ओवीत म्हणता येत होते. मुलाने आजीला दळताना पाहिले नव्हते. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. आईला ओव्या येतात हेही त्याला या बोलण्यातूनच कळले.

पळवाटेच्या शंकेला मात्र केवळ ‘नाही’ हे उत्तर पुरे पडत नाही. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाविषयी मांडणी केली. तिच्यानुसार शोक करणारे माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत राहते. कधी ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत असते, कधी त्यातून बाहेर येऊन नव्या जगण्याची घडी बसवते आणि कधी दोन्हींपासून थोडा वेळ दूर राहते. ही ये-जा चालू असणे हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींनीही नाट्याचा हेतू सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पिडलेल्यांना विश्रांती मिळावी असेच म्हटले आहे. म्हणून वाचताना दोन तास दुःख विसरले गेले तर त्यात वावगे काही नाही. पुस्तक मिटल्यावर माणूस कुठे परत येते, ते मी पाहते. या बाई पुस्तक मिटून त्या शेवटच्या रात्रीपाशी येत होत्या, आणि तिथून उठून झाडांना पाणी घालत होत्या.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही लिहिण्याचा प्रयोग केला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, मनात दडलेल्या क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. तेव्हापासून या पद्धतीवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. तिचा सरासरी परिणाम फार मोठा नसतो आणि लिहिल्यावर लगेच तर मन उलट जड होते, हे मी आधीच सांगते. स्वतःविषयी लिहायला बाईंनी नकार दिला. मी तो आग्रह धरला नाही आणि कादंबरीतल्या त्या सुनेला पत्र लिहायला सुचवले. पत्राच्या सुरुवातीला सुनेची विचारपूस होती. तिसऱ्या पानावर पाण्याचा हिशेब आला, आणि त्यानंतर पत्र आपोआप नवऱ्याच्या नावाने सुरू झाले.

मुलाला मी एकच गोष्ट सुचवली. आई काय वाचते यावर नजर ठेवण्याऐवजी, “मग पुढे काय झालं?” असे तिला विचार. तो दर शनिवारी घरी जाऊ लागला आणि जेवताना कादंबरीची गोष्ट ऐकू लागला. त्या गोष्टीतून वडिलांच्या आजारपणाचा विषय निघाला आणि त्या रात्रीचे पाणी आईने त्याला स्वतःच सांगितले. त्या रात्री तो पलीकडच्या खोलीत झोपला होता आणि त्यालाही वडिलांची हाक ऐकू आली होती. हे त्याने तोवर कोणालाच सांगितले नव्हते.

बाईंच्या नणंदेचा आक्षेप वेगळा होता. वर्षश्राद्धाच्या आत भावजय भजनी मंडळात जाऊन बसते, हे त्यांना रुचत नव्हते. भाऊ गेल्याचे दुःख त्यांनाही होते, त्यामुळे त्यांना चूक ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. वारकरी घरांत अंत्ययात्राही टाळमृदंगाच्या साथीने निघते, आणि ज्ञानदेवांच्या समाधीचा वियोग नामदेवांनी अभंगांतूनच गायला. दुखवट्यात उत्सव वर्ज्य असतो, गाणे नव्हे, असे माझे मत मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले नाही. बाईंनी वर्ष पुरे होईपर्यंत मंडळात न जाता घरीच अभंग म्हणायचे ठरवले आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला.

ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी पुस्तकाकडे पाहण्याआधी माणसाकडे पाहावे. वाचन, गाणे किंवा चित्रे यांच्यापायी जेवण आणि अंघोळ सुटत असेल, माणसे नकोशी झाली असतील, दारूची जोड मिळाली असेल, सहा महिन्यांहून अधिक काळ उलटूनही शोकाची तीव्रता रोजचे जगणे अशक्य करत असेल किंवा मरणाचे विचार बोलण्यात येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. यांपैकी काहीच नसेल, तर जे माणूस वाचते आहे त्याला वाचू द्यावे आणि सवड काढून त्याच्याकडून ती गोष्ट ऐकावी.